जित्तेपणीचा फोटो

आमच्या बालाघाटच्या चर्चमध्ये ज्याला जे येतं ते तो देवाच्या कामी लावतो. कोणी गातं, कोणी ढोलक वाजवतं, कोणी नुसतंच मोठ्यानं आमेन म्हणतं. मला गाता येत नाही. मी सूर लावला की पास्टरसाहेब प्रार्थनेतही डोळे उघडून पाहतात. पण माझा फोटो स्टुडिओ आहे. म्हणून रविवारची उपासना झाली की मी अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाते, फोटो काढते आणि फ्रेम करून फुकट देते.

हे सुचलं ते वैतागून. माणूस गेला की घरचे त्याचं आधार कार्ड घेऊन दुकानात येतात. "हाच मोठा करून द्या, हार घालाचा हाय." आता आधार कार्डावर माणूस दिसतो कसा? पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा. जन्मभर राबलेल्या बाईनं भिंतीवर असं लटकायचं! जिवंतपणी एक धड फोटो काढायला काय होतं रे तुम्हाला, असं मी गिऱ्हाइकावर ओरडायची. मग म्हटलं, ओरडण्यापेक्षा आपणच जावं.

फुकट म्हटलं की लोक बिचकतात. किरनापूरकडच्या एका गावात एका म्हातारीनं मला सरळच विचारलं, "फोटो काढून मले किरिस्ताव करशीन काय?"

"नाही आजी. फक्त हलू नका."

तिला ते पटलं. पण तिची अट होती. दोन्ही मुलं दोन बाजूंना पाहिजेत, एकाच फोटोत. "थे पाह्यलं का मी मराले मोकळी," म्हणाली. सून चूल फुंकत होती, ती फुंकायची थांबली.

कारण दोन्ही भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बोअरच्या पाण्यावरून भांडण झालं आणि अंगणात मधोमध भिंत उभी राहिली. म्हातारी एक महिना भिंतीच्या इकडे, एक महिना तिकडे. त्या महिन्यात ती थोरल्याकडे होती. आईचा निरोप गेला म्हणून धाकटा आला खरा, पण घराकडे पाठ करून दारात उभा राहिला.

थोरल्यानं मला बाजूला घेतलं. "मॅडम, आमचे अलग अलग काढा न कम्प्युटरवर जोडून द्या. आजकाल सब होते."

होतं की. लग्नाला न आलेले जावई मी मांडवात उभे केले आहेत, तेही हसताना. पण म्हातारीचे कान शाबूत होते. खाटेवरून ओरडली, "जोडलेला नोको! मले काय समजत नाही काय?"

मला दोघांचाही असा राग आला! एक पाऊल इकडे टाकायचं, दुसरं काय? आई दिवस मोजते आहे आणि हे दोघे भिंत सांभाळताहेत.

सकाळीच पास्टरसाहेबांनी त्या लुळ्या माणसाची गोष्ट सांगितली होती, ज्याला मित्रांनी खाटेसकट प्रभूपाशी नेलं. प्रवचन लांब होतं. बाकी सगळं विसरले, खाट तेवढी लक्षात राहिली.

मी म्हटलं, "इथे अंधार आहे. आजीला खाटेसकट अंगणात आणा."

खोलीत खरोखरच अंधार होता, मी खोटं बोलले नाही. बॅगेत फ्लॅश आहे का, हे कोणी विचारलं नाही.

थोरला म्हणाला, "दुसरी बाजू धराले शेजाऱ्याले बलावतो."

"शेजारी काहून?" म्हातारी कडाडली. "माहे दोन पोट्टे जित्ते हायेत न?"

थोरल्यानं डोक्याकडची बाजू धरली. मग धाकटा चप्पल काढून आत आला आणि त्यानं पायाकडची बाजू धरली. दोघे कुठेही पाहत होते, एकमेकांकडे सोडून. खाट उंबऱ्याबाहेर आली, उन्हात आली, आणि मी फोटो काढला. म्हातारी मधे, एक मुलगा उशाशी, एक पायथ्याशी. दोघांची तोंडं वाकडी, पण फोटोत दोघेही होते.

धाकटा आईला म्हणाला, "ठेवू काय खाली?"

"थांब," म्हातारी म्हणाली. तिनं मान उचलून एकाकडे पाहिलं, मग कष्टानं वळवून दुसऱ्याकडे. "मेल्यावर त उचलसानच मले. तवा तुमी दोघं संगं साऱ्या गावाले दिससान, मलेच नाही. आता उचललं त पाहू द्या जरासं."

माझे डोळे भरून आले. कॅमेरा डोळ्याला लावला, पण काही दिसेना.

म्हातारी पाहत राहिली. खाट सागवानी होती, जड. दोघांचे हात थरथरायला लागले, थोरल्याच्या कपाळावर घाम आला. पण खाली ठेवू म्हणून कोणीच म्हणेना.