कुरडईची टोळी

माझी टोळी हरत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. जळगावात मी शाळेत विज्ञान शिकवते, चारचौघींसारखा संसार करते आणि एखाद्या रविवारी दोन-तीन तासांत एक ग्रह गिळून स्वयंपाकाला लागते.

हा खेळ मी पुण्यात कॉलेजला असताना शिकले. धाकटा भाऊही माझ्याच नादाने शिकला. हजारो वर्षांनंतरचा काळ आहे, माणसं ताऱ्याताऱ्यांवर जाऊन राहिली आहेत, आणि आकाशगंगेच्या पलीकडच्या अंधारातून किड्यांची एक टोळी येते. तिला राज्य नको, सोनं नको, शरण आलेली माणसं नकोत. तिला नुसती भूक आहे. ती झाडं खाते, माती खाते, समुद्र पिऊन टाकते, आणि जे खाल्लं त्यातूनच नवे किडे घडवून पुढच्या ग्रहाकडे निघते. हे सगळं टेबलावर, बोटभर उंचीच्या बाहुल्यांनी, फासे टाकून आणि मोजपट्टी धरून खेळायचं. बाकीचे सगळे चिलखतवाली माणसं घेतात, कारण ती दिसायला छान दिसतात. मी पहिल्याच दिवशी टोळी उचलली. रावेरकडे आमच्या आजोबांनी मका लावला होता. रात्रीतून लष्करी अळी पडली की शेताचं काय होतं, ते मी लहानपणी बघितलं होतं. अळीची ताकद मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टोळीचा एक नियम माझा विशेष लाडका आहे. मेलेले किडे परत येतात. समोरच्याने मारून पटावरून उचलले, की पुढच्या फेरीत ते पटाच्या कडेवरून पुन्हा उतरतात. भाऊ म्हणतो, ही सरळसरळ चीटिंग आहे. हरणारा माणूस असंच म्हणतो.

फक्त टोळी म्हटली की किडे ढिगाने लागतात, आणि माझ्याकडे होते मूठभर. बाकीच्यांच्या जागी मी बाटल्यांची बुचं मांडायची. बुचांनी ग्रह गिळताना बघून भाऊ फार हसायचा.

मागच्या थंडीत नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. निवृत्तीनंतर कॉलनी सोडून त्यांनी भुसावळला घर बांधलं. वाचा परत आली, पाय परत आला, गल्लीच्या टोकापर्यंत चालणंही जमायला लागलं. उजवा हात मात्र तसाच राहिला. मूठ कशीबशी वळायची, पण अंगठा आणि बोट जुळायचं नाही. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो नानांनी टीव्हीमागे टाकून दिला. "मी काय रांगतं पोर आहे का?" म्हणाले.

हाताचं खरं दुखणं जेवणाच्या वेळी असायचं. नाना डाव्या हातात चमचा धरून जेवायचे, आणि डाव्या हाताने जेवताना कुणी बघितलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. आई ताट आतल्या खोलीत नेऊन ठेवायची, ते दार लोटून एकटे जेवायचे. पंगतीत सगळ्यांत मोठा आवाज ज्यांचा, आग्रह करकरून समोरच्याच्या नाकी नऊ आणणारा तो माणूस, दाराआड चमचा वाजवत बसलेला. मला त्या चमच्याच्या आवाजाचा राग यायचा. फार राग यायचा.

चैत्रात आई गच्चीवर कुरडया घालायला बसली. मी शनिवार-रविवारची मदतीला गेले होते. गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यात भरून, दांडा फिरवत कापडावर पांढऱ्या शेवयांची गोल घरटी पाडायची. भुसावळच्या उन्हात ती एका दिवसात खडखडीत होतात. नाना पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. सोऱ्याच्या तोंडाशी राहिलेला चीक आई काढून टाकत होती, त्यातला थोडा त्यांनी मागून घेतला आणि डाव्या हाताने उजव्याच्या बोटांना गुंडाळत बसले. बोटांतून काढला तेव्हा त्याला एक फुगीर पाठ होती आणि खाली लोंबणारे पाच-सहा पाय.

"हे काय झालं, नाना?"

"तुया किडा," नाना म्हणाले. गावाकडची बोली त्यांनी कॉलनीतही कधी सोडली नाही. "बुचं मांडते न तू? हे घे."

मी तो किडा उन्हात ठेवला. दुपारपर्यंत असा कडक वाळला, की फरशीवर आपटला तरी पाय तुटला नाही. रंगही लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं. जिथे कधी ऊनच पोहोचलं नाही त्या अंधारातून आलेली टोळी पांढरीच असणार. मग मी नानांना सांगितलं की आखाजीला भाऊ येणार आहे, तेव्हा मला पूर्ण फौज पाहिजे, आणि ती त्यांनीच करून द्यायची.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्या दिवशी खेळायला कुणालाही मुभा असते. एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर डोळे वटारणारी मोठी माणसं त्या दिवशी स्वतः डाव मांडून बसतात. वर्षातून तेवढ्या एका दिवशी माझ्या फौजेकडे बघून कुणी "आता तू लहान आहेस का?" असं विचारत नाही.

नाना कामाला लागले. चीक संपला की आई कुरकुरत पुन्हा गहू भिजत घालायची. सुरुवातीचे किडे सगळे डाव्या हाताचे होते, उजवा नुसता खुंटीसारखा पुढे धरलेला. मग पाय चिमटून टोकदार करायचे झाले, आणि ते काम डाव्याने एकट्याने होईना. मी शनिवार-रविवारी जाऊन मुद्दाम नावं ठेवायची. "नाना, हे किडे आहेत की लाडू? असल्या पायांनी हे ग्रह कसला गिळणार, भुसावळ स्टेशनचा जिनासुद्धा चढणार नाहीत." ते चिडायचे आणि दुसरा करायचे. उजवा अंगठा बोटाकडे सरकायचा, थरथरायचा, अलीकडेच थांबायचा. चेंडूवर कधी न काढलेला घाम किड्यांवर निघायचा. आखाजी जवळ आली तोवर टोळी पूर्ण झाली, आणि शेवटच्या काही किड्यांच्या पायांना खरोखर टोकं होती. अंगठा मात्र अजून नीट टेकत नव्हता. जेवण अजून दाराआडच होतं. मी मनाशी धरून बसले होते की आखाजीच्या पंगतीला नाना बाहेर येतील.

किड्यांना दमट हवा लागू नये म्हणून आईने ते कुरडयांच्याच डब्यात ठेवले. तेही सगळ्यांत वर, म्हणजे चेपायला नकोत.

आखाजीला धुळ्याहून मावशी आणि तिचे यजमान आले, पुण्याहून भाऊ आला. आमच्याकडे पाहुणी आली तरी ती पाहुणी राहत नाही. मावशीने आल्या आल्या पदर खोचला आणि चुलीचा ताबा घेतला. आई पुरणपोळ्या लाटत होती, मी आमरस करत होते, आणि तळणाची कढई मावशीकडे. पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकायची वेळ आली, तेव्हा नाना भावाला म्हणाले, "तू टाक." आणि आतल्या खोलीत निघून गेले. आईने एक ताट उचललं, त्यात चमचा ठेवला आणि त्यांच्या मागे नेऊन दिलं. माझा सगळा उत्साह तिथेच उतरला.

बाहेर पंगत बसली. मी रस वाढत होते. भावाने कुरडई उचलली, मोडायला गेला आणि थांबला.

"ताई," तो म्हणाला, "ही कुरडई माझ्या ओळखीची वाटतेय."

त्याच्या हातात फुलून तिप्पट झालेला, पांढराशुभ्र, टोकदार पायांचा किडा होता. परातीत अजून तीन-चार होते. बाकीची टोळी मावशीच्या यजमानांनी रसात बुडवून जवळजवळ संपवली होती आणि ते म्हणत होते की यंदाच्या कुरडया फार खुसखुशीत झाल्यात.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. डब्यातला वरचा किड्यांचा थर गेला होता, तळाशी नुसत्या कुरडया होत्या.

मावशीचा चेहरा उतरला. "मना ध्यानमा कसं ई, व बाई? डबामा वरच व्हत्यात. मी त्या कुरडया समजीसन बठ्ठ्या तयी टाक्यात."

कुरडया समजून तिने सगळे तळून टाकले होते. तिची काही चूक नव्हती. कुरडयांच्या डब्यात कुरडयाच असतात. पण माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. ग्रह गेला तर दुसरा गिळता येतो. हे नानांच्या हाताचं अख्ख्या चैत्राचं काम होतं, आणि ते त्यांना जाऊन सांगणार कोण?

सांगावं लागलं नाही. बाहेर एकदम सगळे गप्प झाले, म्हणून नाना स्वतःच दार उघडून आले. त्यांनी परातीकडे बघितलं, भावाच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फुगले चांगले," ते म्हणाले.

भावाने हातातला किडा परत परातीच्या कडेला ठेवला.

"अन् तू रडू राह्यली कायले? तुया टोळीचा नियम काय हाये? मेलेले वापस येतात न?"

"चीक कुठे आहे आता, नाना?"

"पोयीची कणीक हाये न? आण."

पुरणपोळीची कणीक उरलेली होती, तेल लावलेली, मऊसूत. मी कणकेची परात त्यांच्यासमोर ठेवली. नाना दिवाणाला टेकून खाली बसले, आणि भावाने जेवणं उरकताच पट मांडला. त्याने आणलेलं माणसांचं शहर बघून नानांनी भुवया उंचावल्या. पालथ्या पेल्यांचे कूलिंग टॉवर, पुठ्ठ्याची धुराडी, सगळं दीपनगर.

"आयुष्यभर जे चालवलं तेच गियायचं का आता?" नाना म्हणाले. "गियू."

मग जी लढाई झाली, तशी मी पुन्हा खेळलेली नाही. कणकेचे किडे लुसलुशीत, पटावर ठेवले की बसकण मारायचे. भाऊ मारायचा, मेलेले मी नानांच्या पुढ्यात टाकायची, नाना ते चुरगाळून नवे करायचे आणि मी पटाच्या कडेवरून पुन्हा उतरवायची. खेळाच्या पुस्तकात लिहिलेला नियम तिथे डोळ्यांदेखत घडत होता. मेला त्याच कणकेतून पुढचा जन्मत होता. भाऊ फासे टाकून टाकून थकला. मावशीचे यजमान पत्त्यांचा डाव टाकून आमच्याकडे सरकले आणि ज्यांना नुकतंच खाल्लं होतं त्यांच्याच बाजूने बोलायला लागले. मावशी तर प्रत्येक फाशाला हात जोडत होती.

मी नानांकडे बघितलं ते मधेच, भाऊ अंतर मोजत असताना. "एक इंच कमी हाये, उगी लांडी करू नको," असं नाना त्याला दटावत होते. नजर मोजपट्टीवर होती आणि हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. उजव्या अंगठ्याने आणि बोटाने कणकेला चिमटा घेतला, पाय ओढला, टोक काढलं. पुन्हा चिमटा घेतला. आईनेही बघितलं असावं, कारण ती स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात धरून उभी राहिली होती.

दीपनगर आम्ही संध्याकाळच्या आत गिळलं. शेवटचा पेला मी नानांकडूनच पाडून घेतला. भाऊ म्हणाला, नियम बदलायला पाहिजे. त्याच्या म्हणण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"भूक लागली," नाना म्हणाले. दुपारचं त्यांचं ताट आत तसंच राहिलं होतं.

आईने नवं ताट वाढलं आणि सवयीने आतल्या खोलीकडे निघाली. "कुठी चालली?" नाना म्हणाले. "ठेव इथंच."

त्यांनी हात धुतले. आईने ताट पुढ्यात ठेवलं. पोळी, रस, डाव्या बाजूला चमचा. आम्ही सगळे पट आवरायच्या गडबडीत आहोत असं दाखवत होतो, आणि आवरत कुणीच नव्हतं. नानांनी उजव्या हाताने पोळी धरली. तुकडा वेडावाकडा तुटला, पहिला तर ताटातच पडला. दुसरा त्यांनी रसात बुडवून तोंडापर्यंत नेला. रस मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेला, सदऱ्यावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

"कुरडई नही उरली का एखादी?" त्यांनी विचारलं.

तळणाच्या परातीच्या कडेला एक किडा उरला होता. भावाने तो नेऊन त्यांच्या ताटात ठेवला. नानांनी त्याचा एक पाय मोडला आणि कुडुम करून खाल्ला.

आईने चमचा उचलला, पदराला पुसला आणि आत नेऊन ठेवून दिला.