कानपिळी

मंडळी, भूतखेत, करणी असलं काही मी कधीच मानलं नाही. जबलपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, असे किस्से सांगणाऱ्यांची भरपूर खेचलीही आहे. आता माझी खेचा.

लग्नात कानपिळीला बायकोच्या भावाने, निखिलने, माझा उजवा कान चांगलाच पिळला होता. "दीदीला नीट सांभाळा हां, जीजाजी!" सगळे हसले, मी त्याला घड्याळ दिलं.

गेल्या वर्षी भेडाघाटहून परतताना बाइक तो चालवत होता, मी मागे. आम्ही पडलो. कसे, ते मला आठवत नाही. माझ्या त्याच कानाची कातडी रस्त्यावर घासून गेली, आतली कूर्चा उघडी पडली. सर्जनने ती कानामागच्या कातडीखाली पुरून ठेवली, काही आठवड्यांनी उचलून मागच्या बाजूला मांडीची कातडी लावली. कान दिसायला झकास... पण ठार बधिर. सुई टोचली तरी कळत नव्हतं.

पट्टी निघाली त्या दिवशी निखिल शेजाऱ्यांना सांगत होता, "कुत्रं आडवं आलं जी, अचानक!" आणि कुणीतरी माझा कान दोन बोटांत धरून पिळला. वळून पाहिलं... मागे नुसती भिंत.

मग तो हे वाक्य बोलला की दर वेळी तेच. इतर कशावर नाही. डॉक्टर म्हणाले, भास असेल. मीही मानलं.

एका दुपारी बायको सिहोऱ्याच्या मावशीशी फोनवर बोलत होती. "कुत्रं आडवं आलं न, मावशी..." कान पुन्हा पिळला गेला, मी ओरडलोच.

"खरं सांग, कुत्रं होतं?"

तिने फोन ठेवला. "निखिल गाडी चालवताना मोबाइलवर व्हिडिओ बनवून राहिला होता. पहिल्याच दिवशी सांगितलं त्याने मला."

"मग काहून लपवलं?"

"भाऊ आहे हो माझा..."

"आणि कान कोणाचा होता?"

निखिलचा राग आला, तो ओसरेलही. पण हिने माझ्या पट्ट्या बदलल्या, मला हाताने भरवलं, आणि माझ्यासमोर ते खोटं ऐकून रोज मान डोलावली. मला ते फार लागलं. अजून लागतं.

ती रडली. माझे हात धरून म्हणाली, "आता तुमच्यापासून काहीच लपवलेलं नाही. तुमची शप्पथ."

कानाला अजूनही स्पर्श कळत नाही. डॉक्टरांकडे उत्तर नाही, माझ्या फिजिक्सकडेही नाही. एवढंच सांगतो... तिने शपथ घेतली तेव्हा तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि कान पिळला गेला. आजवरचा सगळ्यात जोरात.

काय लपवलंय, ते मी अजून विचारलेलं नाही.