ताईंचा नंबर

आरोग्य केंद्राने मला कामाचा फोन दिला. नंबर आमच्या शेवंताताईंचा. त्या इथल्या नर्स, गेल्या महिन्यात वारल्या. मी मेसेजचं ॲप सुरू केलं, नाव बदललं, फोटो बदलायचा राहिला. तेवढ्यात गावातल्या गरोदर सुनीताचा मेसेज आला, "ताई, सकाळपासून बाळ हलत नाही."

"निघाले," असं लिहून मी स्कूटी काढली.

सुनीता दारातच होती. तिच्या फोनवर ताईंच्या हसऱ्या फोटोखाली माझं "निघाले" होतं. माणूस जातं, हाका मात्र त्याच नंबरावर येत राहतात.

ताई गेल्याचं तिला सांगणार होते, पण आधी पोटावर हात ठेवला. बाळ हललं.

"ताईंचा हात लागला की हलतंच," सुनीता माझ्या खांद्यामागे बघत म्हणाली.