डब्ब्यातला अंधार

धानाचे भाव विचारायला मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये जातो. तिथे मालवाहतुकीचे एक एजंट नेहमी भेटत. जहाज कंपनीकडून कंटेनर घ्यायचा आणि मिलमालकांचा तांदूळ परदेशी पोचवायचा, हा त्यांचा धंदा. कंटेनरला ते डब्बा म्हणत. रिकामा डब्बा आला की चप्पल काढून आत शिरत आणि दारं बाहेरून लावायला सांगत. अंधारात कुठून उजेड दिसला, तर तिथून पाणी शिरणार आणि तांदूळ भिजणार. असा डब्बा ते परत पाठवत.

यंदा जहाज कंपनीचाच माणूस मालकांकडे आला. मधला एजंट सोडा, भाडं कमी लावतो, म्हणाला. मालकांनी मान्य केलं.

कंपनीकडून थेट पहिला डब्बा आला, त्या दिवशी एजंट न बोलावता हजर झाले आणि आत शिरले. हमालांनी सवयीने दारं लावली. आत भोक सापडलं, असं त्यांनी नुसतं सांगितलं असतं तरी गिऱ्हाईक बहुधा परत मिळालं असतं.

या वेळी ते बराच वेळ आत राहिले. शेवटी मालकांनी पत्र्यावर थाप मारली. "काय भाऊ, झोपले का अंदर?"

दार उघडलं. ते उजेडाने डोळे बारीक करत बाहेर आले. "एक बी छेद नाही जी. भरा माल."

"मंग तुमचं काय काम राहिलं?" मालक हसले.

"तेच त पाहून राहिलो होतो," ते म्हणाले आणि हमालांना पोती आणायची खूण केली.