लॅटिनमधला मामा

अलिबागच्या एका कॉलेजात मी फ्रेंच शिकवतो. नात्यांचा धडा आला की कोणीतरी विचारतंच, "सर, काका आणि मामा, दोघांनाही ओंकल?" मग मी लॅटिन सांगतो. तिथे काका म्हणजे पात्रुउस आणि मामा म्हणजे आवुनकुलुस, मूळ अर्थ धाकटा आजोबा. पुढे फ्रेंचमध्ये काकाचा शब्द बुडाला, मामाचाच दोघांना पुरला. इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजने दोन्ही टाकून ग्रीकमधून आलेला घेतला: त्सिओ, तिओ. मुलं उतरवून घेतात. मला मात्र दरवेळी चौल आठवतं.

चौलला माझी बहीण राहते. सावत्र, वडिलांच्या पहिल्या बायकोची मुलगी. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती नारळ आणि अक्षता घेऊन आमच्या दारी आली. "मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. तिला तूच एक मामा हायस," म्हणाली. मी हो म्हटलं. ती गेल्यावर आई म्हणाली, "जा. पण मग माझ्याशी बोलू नकोस." चाळिशीचा माणूस मी, आईला घाबरलो. लग्नाच्या सकाळी फोन केला, परीक्षेचे पेपर तपासायचेत, येता येत नाही. पेपर नव्हतेच.

तरी बहीण मांडवाच्या तोंडाशी वाट बघत उभी राहिली, असं नंतर कळलं. मुहूर्त टळायला लागला तेव्हा मुलीच्या काकांनी तिला हात धरून आणलं.

नऊ वर्षं मी चौलला गेलो नाही. आई वारली, आणि गेल्या महिन्यात एकदाचा गेलो. बहीण अंगणात सुपाऱ्या सोलत होती. वर न बघता म्हणाली, "झालं व्हय पेपर तपासून?"

"ताई, पेपर नव्हते. आईला घाबरलो."

"ठावं हाय. त्याच दिवशी ठावं होतं. मला नको सांगूस. जिचं लगीन होतं तिला सांग."

भाची माहेरी आली होती. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"ओळखलंस?" मी विचारलं.

"हो. बसा ना, काका."

ओळखूनच म्हणाली. बहिणीचा हात क्षणभर थांबला, पण तिनं मुलीला टोकलं नाही. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. भाचीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "राहू द्या आता," म्हणाली, आणि आत जाता जाता परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, चहात साखर किती घालू.