रोगाआधीची शाकारणी

डॉ. मालतीबाईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात गोड लिहावे, असे संपादकांचे सांगणे आहे. बाईंबद्दल गोडच लिहीन. इतरांची हमी देत नाही.

रत्नागिरीच्या आमच्या भातसंशोधन केंद्रावर मी रुजू झालो, तेव्हा बाई चिखलात उभ्या राहून कात्रीने भातपातींची टोके छाटत होत्या. कात्री करप्याच्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवलेली. रोपांना मुद्दाम रोग लावून पाहायची ती रीत. "उभे काय राहिलात? पँट दुमडा नि या," ही आमची पहिली ओळख.

रोग लावण्याआधी त्यांनी फक्त खालच्या पानांवर निर्गुडीचा अर्क फवारला होता. करपा अडला तो वरच्या पानांवर, जिथे अर्काचा थेंबही पोचला नव्हता! प्रयोगशाळेत त्याच अर्कात जिवाणू मात्र मजेत वाढत. म्हणजे अर्क रोपाला जागे करतो आणि लढते ते रोपच, हे बाईंनी ताडले.

"जिवाणू मरत नाही, तर औषध कसले?" असे म्हणत केंद्रातल्या वरिष्ठांनी आपली वेगळी चाचणी घेतली. अर्क मारला तो करपून गेलेल्या भातावर! भात गेले, बाईंचा वाफा काढून घेतला गेला, आणि प्रयोग बंद झाला. "आधी फवारायचे असते," हे त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याची सभ्यताही कोणी दाखवली नाही. आजही आठवले की माझे डोके फिरते.

बाईंनी मात्र रजा टाकून संगमेश्वरकडच्या एका शेतकऱ्याच्या शेतात फवारणी चालू ठेवली. तो बिचारा गोंधळला. "पन बाई, रोग नाय आला, तर औषध कशाला मारायचा?"

"घर कधी शाकारतोस रे? गळायला लागल्यावर?"

"छे वो! पावसाच्या आधी."

"मग भाताचंही तसंच."

माझी पत्नी आजारी असताना याच बाईंनी रोज पेजेचा डबा पाठवला, तोही न मागता. त्यांना सगळे वेळेवर सुचते.

आता त्या शेतातले भात तगल्यावर तेच वरिष्ठ या ग्रंथात बाईंच्या 'दूरदृष्टी'चे गोडवे गात आहेत. जेव्हा एका शब्दाने प्रयोग वाचला असता, तेव्हा यांची दातखीळ बसली होती. करपल्यावर फवारायची यांची खोड काही जात नाही.

बाई, तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि चिखलात उतरायला गुडघे खणखणीत राहोत. वरिष्ठहो, हार राहू द्या. येत्या खरिपात बाईंना त्यांचा वाफा परत द्या.