दाराच्या पोटातलं हँडल

आठवड्यातून तीनदा मी वडिलांना डायलिसिसला नेतो. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पारनेरकडची शेती सोडून ते आणि आई शहरात, सावेडीला माझ्याकडे राहायला आले, त्याच सुमारास मी हौसेनं नवी गाडी घेतली. तिची हँडलं दाराच्या पोटात दडलेली. पुढचं टोक दाबायचं, मागचं बाहेर येतं, ते धरून ओढायचं. दादांच्या एका हाताला पट्टी, दुसऱ्यात पिशवी, अंगात त्राण नाही. ते भलतीकडेच दाबत राहायचे आणि मी वैतागायचो. "दादा, पुढं दाबा हो! किती वेळा सांगायचं?" असं चारचौघांत ओरडलोय मी. विहिरीवरचं इंजिन एकट्यानं खोलून जोडणारा माणूस गाडीच्या दारापुढं मान खाली घालून उभा राहू लागला. मीही थकलो होतो, पण ती काही सबब नव्हे.

गेल्या दसऱ्याला नेमका डायलिसिसचा वार आला. निघण्याआधी गाडीची पूजा उरकली. झेंडूचा हार एरवी हँडलाला बांधतात. इथं बांधायला काही नव्हतंच. मी मोठ्या अक्कलहुशारीनं मागच्या दोन्ही दारांवर रुंद चिकटपट्टीनं हार चिकटवले, तेही हँडलांवरूनच. दादा मागच्या सीटवर आधीच बसले होते. फाईल राहिली म्हणून मी घरात गेलो. किल्ली माझ्या खिशात, त्यामुळं मी लांब जाताच गाडी आपोआप लॉक झाली. मागच्या दारांना माझ्या लहान मुलीसाठी चाइल्ड लॉक होतं, म्हणजे ती आतूनही उघडणार नव्हती. फाईल लवकर सापडेना. बाहेर ऊन तापलं होतं.

आईची हाक ऐकून धावलो. ती नखांनी चिकटपट्टी खरवडत होती. मी लॉक काढून पुढचं टोक दाबलं, तर हँडल पट्टीखाली नुसतं थरथरलं. शेवटी ड्रायव्हरच्या दारातून आत शिरलो, काचा खाली केल्या. दादा घामानं चिंब झाले होते, धाप लागली होती.

"दादा, काच वाजवायची ना! हाक मारायची!"

"मला वाटलं, मलाच जमंना," ते म्हणाले. "तू पुन्ना वरडशील म्हनून गप बसलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून चाइल्ड लॉक काढून टाकलंय आणि दादांचं दार मी स्वतः उतरून उघडतो. परवा पेपरात वाचलं, चीनमध्ये नियम झालाय: गाडीत वीज असो-नसो, दार आतून-बाहेरून हातानं उघडलंच पाहिजे, अशी दडलेली हँडलं आता चालणार नाहीत. आपल्याकडे कधी होईल, देव जाणे. डायलिसिसहून परतताना मी दादांना ती बातमी सांगितली. मग पुढं वाकून त्यांनी हळूच विचारलं,

"म्हंजी बाकीच्यांलाबी उघडत न्हवतं व्हय?"